आखूड रायफलीत शिसं किती घालायचं?

मंडळी, आज भडगावला लेकीचा सराव पाहायला गेले होते. तिची एअर रायफल आखूड नळीची आणि हलकी, त्यामुळे झटका मोठा. तो कमी व्हावा म्हणून तिने खांद्याला टेकवायच्या दस्त्यात जड शिसं बसवलंय.

नव्वदच्या दशकात धुळ्यात जिल्हा संघाच्या निवडीआधी मीही तेच केलं होतं. झटका कमी झाला, पण त्या वजनाने नेम धरताना हात थरथरायला लागला. शिकवणारे नाना म्हणाले, "पोरी, तुना हात कापी राहिना. शिसं कमी कर, झटका सोस." मी ऐकलं आणि संघात आले.

आज लेकीलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "आई, आधी बघ तरी."

तिचा हात जराही हलला नाही. सगळे छर्रे मधोमध लागले. मी पुढचे छर्रे तिच्या हातात दिले.

तुमचाही सल्ला मुलांच्या बाबतीत असा कधी चुकलाय का?