गुडगावातली ऑक्टोबर छाटणी

हरिदास बोरस्ते निफाडचा, हे ओळख झाल्यापासून तिसऱ्या मिनिटाला कळतं. तोच सांगतो. निफाड म्हणजे द्राक्षं आणि द्राक्षं म्हणजे बोरस्ते, असा त्याचा हिशेब. अठराव्या वर्षी टायपिंगची परीक्षा देऊन तो दिल्लीत सरकारी नोकरीला चिकटला आणि तेव्हापासून हातात फायलीच धरल्या, एवढं मात्र सांगायचं राहून जातं.

चौऱ्याण्णव साली त्यानं गुडगावच्या नव्या सेक्टरात घर बांधलं. आजूबाजूचे प्लॉट मोकळेच. शेजार एकच, प्रभा सचदेव, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले होते. बाईंच्या मागच्या अंगणातली मांडवावर चढलेली द्राक्षाची वेल यजमानांच्या हातची.

सप्टेंबरअखेर बाई मुलीच्या बाळंतपणासाठी बडोद्याला निघाल्या. किल्ली हरिदासकडे दिली. पाणी तेवढं घालायचं होतं, पण आमचा हरिदास म्हणाला, छाटणीचंही बघतो. वेळेवर झाली म्हणजे झालं, असं म्हणून बाई निर्धास्त गेल्या. नाशिककडचा माणूस, मग काय!

निफाडात ऑक्टोबरात छाटतात. हरिदासनं नवी कात्री आणली आणि एका रविवारी वेल सपासप कापली. पंधरा दिवसांत कोवळी पालवी फुटली. बायकोला, अलकावहिनींना, तो रोज दोन अंगणांमधल्या भिंतीशी उभं करून दाखवायचा.

नोव्हेंबरात बाईंचा ऑफिसात फोन आला. पानं गळली का, त्यांनी विचारलं. गळायची कशाला, नवी फुटलीत, हा ऐटीत म्हणाला. "नई?" बाई ओरडल्याच. मग लाइन तुटली.

तिथून त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. एसटीडी बूथवर जाऊन गावी धाकट्या भावाला, दामूला, फोन लावला. दामूनं सगळं नीट समजावलं. उत्तरेकडे थंडीत वेल पानं टाकून झोपते, जानेवारीत छाटतात. तू ती झोपायच्या वेळेला उठवलीस. आता पालवी जळणार, आणि फारच गारठा पडला तर खोडाचंही सांगता येत नाही. शेवटी म्हणाला, "पण दादा, तुझ्या हातात कात्री दिली कुणी?"

डिसेंबर लागला. हरिदास ऑफिसातून आला की चहाआधी मांडवावर चादरी बांधायचा, सकाळी सोडायचा. मग घरातली जाड रजईही गेली. अलकावहिनी भिंतीवरून म्हणाल्या, "मफलर पण घाला तिला. मला थंडी वाजली तर मी मांडवावर येते."

नाताळात दंव गोठलं. गवतावर पांढरा थर, आणि कोवळे शेंडे उकडलेल्या पालकासारखे काळे. हरिदासनं उत्तर तयार केलं: यंदा थंडीच भयंकर होती. ऑफिसला जाताना चार्टर्ड बसमध्ये तो माझ्या शेजारी ते पुटपुटत बसायचा. मलाच दोनदा ऐकवलं.

जानेवारीत बाई आल्या. सामान दारात टाकून थेट मागे गेल्या, हरिदास मागोमाग. त्या वेळी वहिनी भिंतीपलीकडे टॉवेल वाळत घालत होत्या. अर्धा तास तो एकच टॉवेल. म्हणून तर पुढचं मला शब्दन् शब्द ठाऊक.

बाईंनी कापलेली टोकं चाचपली. "ये कब काटी?"

थंडीचं वाक्य ऐन वेळी आठवेना. "अक्टूबर में. हमारे यहाँ तभी काटते हैं."

"आपने आज तक कितनी बेलें काटी हैं, भाईसाहब?"

"ही पहिलीच," तो मराठीतच म्हणाला. बाईंना कळलं.

त्या खाली बसल्या आणि नखानं खोडाची साल खरवडू लागल्या. हरिदासनं मान फिरवली. साल निघाली, आत ओलं, हिरवं होतं. वरच्या दोन फांद्या मात्र कडकडीत वाळलेल्या.

"बच गई," बाई म्हणाल्या. "पर इस साल अंगूर नहीं आएँगे."

त्यांनी कात्री मागवली आणि परत त्याच्याच हातात दिली. त्या बोट दाखवायच्या, हा कापायचा. फांदीवरच्या प्रत्येक डोळ्याशी तीनदा विचारायचा, "यहीं से?" शेवटी बाईंनी फांदी धरूनच ठेवली.

मार्चात नवे फुटवे आले. घोस एकही नाही. हल्ली आमच्या महाराष्ट्र मंडळात कुणी द्राक्षांचा विषय काढला की हरिदास सगळ्यांसाठी चहा सांगायला उठतो. आणि मी तर विषय दर बैठकीला काढतो.