भिकाच्या टाळ्या

खडोलीच्या सुताच्या कंपनीत मशीनचा आवाज एवढा, की कानाशी ओरडलं तरी कळत नाही. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. चहा आला, साहेब आला, मशीन बंद कर, सगळं हातानेच. आमच्या शेजारच्या खोलीतला नवनाथ त्यात पटाईत. अमळनेरकडचा, हसऱ्या तोंडाचा.

आमच्या चाळीच्या गणपतीत दरवर्षी पडद्यावर एक जुना अमेरिकन मूकपट लावतात. चाळीत खानदेशी, बिहारी, ओडिया, सगळेच. न बोलणारा सिनेमा सगळ्यांना कळतो. त्यात लाँड्रीतला एक लुकडा नोकर कपडे पिळताना बाहीसकट पिळायच्या यंत्राच्या रुळांत ओढला जातो. मोकळा हात हलवून मदत मागतो, आणि जाडा मालक तो नाचतोय असं समजून टाळ्या पिटतो. हसून हसून पोटं दुखायची. आरतीनंतर नवनाथ हुबेहूब तेच करून दाखवायचा. कंपनीतही करायचा, मशीनपाशी उभा राहून. त्याची बायको जया म्हणायची, "घरी दोन शब्द बोलत नाही, आणि तिथे मुक्याने गावाला हसवतो."

गेल्या माघात कंपनीत त्याचा उजवा हात खरोखरच मशीनच्या रुळांत गेला. तो डावा हात हलवत राहिला. बंद करायचं बटन भिकाजवळ होतं. भिका त्याच्याच गावचा, आमच्याच चाळीतला, जिवाभावाचा. त्याने पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. सूत लाल झालेलं दिसलं, तेव्हा बटन दाबलं.

हात कोपरापासून काढावा लागला. कंपनी म्हणाली, भरपाई कसली, तो नेहमीच मस्करी करायचा, विचारा कुणालाही. विचारलं, तर सगळे हो म्हणाले. भिकासुद्धा. खोटं तरी कसं बोलणार?

यंदा सिनेमा नको, असं मी मंडळाला सांगून पाहिलं. "पोरं वाट बघतात हो ताई," म्हणाले. मग मी बाप्पालाच हात जोडले.

नवनाथ आरतीला आला. टाळ्या वाजवता येत नाहीत, म्हणून मी त्याच्या हातात घंटा दिली. नंतर पडदा लागला. लुकडा रुळांत अडकला, हात हलवू लागला, पोरं खिदळली.

नवनाथ हळूच म्हणाला, "भिका, बटन दाब ना भो."

प्रोजेक्टर भिकाच्या शेजारीच होता. त्याने उठून बंद केला. पडदा नुसता पांढरा. पोरांनी गलका केला.

"आता दाबलं," नवनाथ म्हणाला, आणि घंटा देवापुढे ठेवून घरी गेला.