सुनंदाताईंचं वेगळं मत

सुनंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोर्टात निघालो होतो. त्यांची मुलगी एवढंच म्हणाली, "काका, आई गेली..." मी बूट काढले आणि पुन्हा खुर्चीत बसलो. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं वकिली केली होती, बहुतेक वेळा एकमेकांच्या विरुद्ध बाजूने.

त्या रोहणा गावच्या, शेतमजुरी करणाऱ्या बौद्ध घरातल्या. मी दुकानदाराचा मुलगा. राज्यघटनेवर वस्तीत, शाळेत, कुठेही बोलायचं असलं की लोक त्यांनाच बोलवत. म्हणूनच गेल्या वर्षी जे झालं, ते त्यांना फार लागलं. वरच्या कोर्टांतले न्यायाधीश आज ज्येष्ठ न्यायाधीशच निवडतात; त्या नेमणुकीत सरकारलाही वाटा मिळावा, त्यासाठी घटनादुरुस्ती करावी, अशी चर्चा पुन्हा सुरू झाली होती. आमच्या वकील संघाने विरोधाचा ठराव मांडला. मी ठरावाच्या बाजूने बोललो. मग सुनंदाताई उभ्या राहिल्या. "सरकारच्या हाती देऊ नका, हे मलेही मान्य हाय. पण आज बंद खोलीत नेमणुका होतात, तिथं आमच्या पोरी काऊन पोचत नाई? दुरुस्ती तर पाहिजे. कशी पाहिजे, ते बोला."

"सरकारच्या बाजूनं गेल्या," मागून कुणीतरी म्हणालं. अध्यक्षांनी 'एकमताने मंजूर' असं लिहिलं. "माझं वेगळं मत नोंदवा," ताई म्हणाल्या. नोंदवायलाच हवं, असं मीही म्हणालो. "एका मतानं काय फरक पडते?" म्हणत अध्यक्षांनी दिल्लीला पाठवायच्या ठरावावर सही केली.

गोष्ट वस्तीत पोचली ती वाकडी होऊनच. ज्यांची कामं त्यांनी फी न घेता केली होती, तीच माणसं विचारू लागली, "ताई, तुमीच संविधानाले हात लावा म्हणता?"

"दुरुस्तीचं कलम संविधान लिहिणाऱ्यायनंच ठेवलं ना, भाऊ..." त्या समजावत राहिल्या. पण त्या वर्षी संविधान दिनाला भाषणाचं बोलावणं आलं नाही. पांढरी साडी नेसून त्या गेल्या आणि मागच्या रांगेत बसल्या.

पुढे त्या आजारी पडल्या, तेव्हा सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात आमची शेवटची भेट झाली. आवाज खोल गेला होता.

"ठराव एकमतानंच गेला दिल्लीले?"

"हो, ताई."

"मग खोटा गेला, रमेश. तू माह्या विरोधात होता, तूच लिहून पाठवजो. तुह्यावर कोणी शंका घेणार नाई."

"मला तुमचं अजून पटलेलं नाही."

"पटवून घे कोण म्हणते? वेगळं मत होतं म्हणून लिही..."

मृत्यूनंतरचा जलदानविधी झाल्यावर मुलीने त्यांच्या कामाची खोली उघडून दिली. मी त्यांच्या टेबलाशी बसलो. ठराव एकमताने झाला नव्हता, हे पहिलं वाक्य सहज उतरलं. पुढे त्यांचं म्हणणं लिहू लागलो, तसा ओळीओळीला माझाच आक्षेप आडवा येऊ लागला. दुरुस्ती शेवटी सरकारच आणणार; त्याने बंद दार उघडलं, तर ते तुमच्या पोरींसाठीच उघडेल कशावरून? त्यांच्या बाजूचं उत्तर मीच लिहून पाहिलं. कच्चं वाटलं. खोडलं, पुन्हा लिहिलं... अखेर जमलं तसं दिल्लीला पाठवून दिलं. त्या असत्या, तर त्यांनी मला इतक्या सहज जिंकू दिलं नसतं.