मुकादमांनी मतं मोजली

ज्यांनी मला हात दिला त्यांचं आधी सांगतो. धरमतरच्या खाडीवर एका लहान धक्क्याला माल उतरवणारी टोळी होती. त्या टोळीचे मुकादम आणि त्यांची बायको, या दोघांनी. नावं लिहीत नाही. मुकादमांना आपलं नाव कागदावर आलेलं आवडत नसे. रेशनकार्डावर आहे तेवढं बास झालं, म्हणायचे.

बोलायला तोंड उघडण्याआधी ते डोक्यावरची टोपी काढत, गुडघ्यावर दोनदा झटकत आणि म्हणत, "आमच्या नवाबाच्या वेळी..." मुकादम मूळचे मुरूडकडचे. तिथे संस्थान होतं तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे होते. आता पासष्टी उलटली होती, पण टोपी झटकली की ते पुन्हा नवाबाच्या राज्यात जाऊन बसत. तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल. एकच गोष्ट शंभरदा सांगतात आणि आपण शंभरदा ऐकतो.

मी परभणीकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. सव्विसाव्या वर्षी गाववाल्या एका माणसाच्या भरवशावर पेणला एस.टी.तून उतरलो, तर तो माणूस आदल्याच आठवड्यात काम सोडून गेलेला. विचारत विचारत धक्क्यावर पोचलो. मुकादमांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"कुठला?"

"परभणीचा."

"म्हंजे निजामाचा."

"नाही जी. महाराष्ट्राचा."

"ते आता. आधी कुणाचा?"

"निजामाचाच म्हणा."

"मग झालं तर. आपण दोघं राजाची माणसं. ही बाकीची सगळी इंग्रजांची." असं म्हणून त्यांनी आपल्या लोट्यातलं पाणी माझ्यापुढे धरलं. त्या दिवसापासून माझं नाव परभणी पडलं.

तीन आठवडे मी त्यांच्या पडवीत झोपलो. पहिल्या दोन दिवसांत कोळशाच्या पाट्या वाहून माझं टाळकं सोलून निघालं होतं. मुकादम बायकोला म्हणाले, "बघ गो, ह्याच्या डोक्याचं काय झालंय." काकींनी आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ टर्रकन फाडला आणि त्याची जाड चुंबळ वळून दिली. "आता ही हरवलीस तर दुसरी नाय," म्हणाल्या. हरवली नाही.

मोठ्या धक्क्यांवर क्रेन आल्या होत्या. आमच्या धक्क्यावर बार्ज लागली की अजून फळी टाकून डोक्यावरून माल उतरायचा. आज कोण उतरणार आणि कोण बसणार, हे मुकादमांच्या डोक्यात असे. यादी नाही, फळा नाही. पण पाळी कधी चुकली नाही. मी परमुलखातला, माझं तिथे कुणी नाही, म्हणून माझी पाळी खाली जाईल याची मला रोज धास्ती वाटे. सकाळी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहायचो. ते न बघताच म्हणायचे, "परभणी, फळीवर." मग मी पाटी उचलायचो.

टोळीत कमळाकर म्हणून एक जण होता. पेणजवळच्याच गावचा, दहावी पास. ग्रामपंचायतीला एकदा उभा राहून पडला होता. त्या वर्षांत निवडणुका एकामागून एक यायच्या. धक्क्यावरच्या चहाच्या टपरीवर रोज तेच.

मुकादमांनी टोपी झटकली की कमळाकर म्हणायचा, "मुकादम, नवाबाने तुमाला काय दिलं ते तरी सांगा."

"मला? मला काय देणार? एकदा त्याची मोटार गेली. मी धूळ बघितली."

"म्हंजे नवाब बघितला नाय तुमी."

"नाय."

"आणि तरी राजा बरा."

"राजा चांगला असतो असं मी कधी म्हनलो? मी काय म्हनतो, राजाला दुसरी प्रजा भेटत नाय नि प्रजेला दुसरा राजा. दोघंबी अडकलेली. मग सांभाळून राहतात. तुझा पुढारी अडकलेला नाय. तो आज हितं, उद्या तिथं."

"पण पाच वर्षांनी हाकलता येतो ना."

"पाच वर्षं जेवतो त्याचं काय?"

सगळे हसायचे. कोणी मला विचारायचं, "परभणी, तुमच्या निजामाचं काय?" आमच्या घरी निजामाचं नाव निघालं की माझे आजोबा भरल्या पानावरून उठून जात. काय झालं होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी टपरीवर एवढंच म्हणायचो, "आजोबांना आवडत नसे." मुकादम मान हलवायचे. "असंल. राजाराजात फरक असतो," म्हणायचे.

गंमत अशी की मतदानाच्या दिवशी धुतलेला सदरा घालून शाळेच्या दारात पहिले उभे असायचे ते मुकादमच. कमळाकर चिडवायचा, "काय, राजाला मत?" ते म्हणायचे, "बोलावलंय, तर जायला नको?"

मग त्यांच्या डोळ्यांत सारा वाढला, मोतीबिंदूचा. आम्हाला दिसत होतं. ते बिडीचं टोक चाचपून पेटवायला लागले, माणसं आवाजावरून ओळखायला लागले. धक्क्याच्या खांबावर पाण्याच्या खुणा होत्या. ओहोटीला पाणी उतरेल तशी बार्ज खाली जाते आणि फळीचा उतार वाढतो. ठरावीक खुणेला पाणी आलं की मुकादमांनी हाळी द्यायची, काम थांबवून फळी पुन्हा बसवायची, अशी रीत. त्यांना खूण दिसत नव्हती आणि आमच्यातलं कोणी बोलत नव्हतं. आम्ही आपापल्या मनाने जपून पाय टाकत होतो. मीही बोललो नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून नाही. आपली पाळी जाईल म्हणून.

एका दुपारी हाळी उशिरा आली. फळी निसटली आणि सदू नावाचा आमचा गडी पाटीसकट चिखलात पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं. त्याला पेणच्या दवाखान्यात पोचवून मुकादम परत आले आणि टपरीच्या बाकावर बसले. टोपी काढली, पण झटकली नाही.

"किती दिवस म्हाईत होतं तुमाला?" त्यांनी विचारलं.

सगळे आपापल्या पायाचा चिखल खरवडत बसले.

"राजाचं हे एक वाईट," ते म्हणाले. "त्याला दिसत नाय हे त्याला सांगायला कोण जात नाय. मुकादमीला मतं घ्या."

धक्क्याच्या ठेकेदाराला मुकादम तसेच राहिले तरी चालणार होतं. मुकादमांच्या जावयाला मुकादमी द्यायचीही त्याची तयारी होती. मुकादमी त्यांच्या बापाकडून आलेली, तशी पुढे गेली असती. ते नको म्हणाले. कमळाकर उभा राहील आणि मी पण राहतो, पाहिजे तर ठेवा, असं सांगितलं. चार दिवसांनी भरती यायच्या आधी मतं घ्यायचं ठरलं.

त्या चार दिवसांत कमळाकर स्वतः मला काही बोलला नाही. त्याचा चुलतभाऊ बोलला. चहा पिता पिता, सहज. "परभणी, तुझं हितं कोण हाय? विचार कर." एवढंच. मला जेवण गेलं नाही.

चिठ्ठ्या लिहायच्या तर निम्म्यांना लिहिता येत नव्हतं. म्हणून दोन रिकाम्या पाट्या ठेवल्या, एक मुकादमांची, एक कमळाकरची. सगळ्यांनी खाडीकडे तोंड करून उभं राहायचं. एकेकाने मागे जाऊन आपली चुंबळ हव्या त्या पाटीत टाकायची. कोणी वळून बघायचं नाही. गुप्त मतदान झालं असं आम्ही समजत होतो. प्रत्येकाची चुंबळ कशाची आहे हे टोळीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. निदान माझ्या आलं नाही. माझी पाळी आली, गेलो, टाकली, परत येऊन पाण्याकडे बघत उभा राहिलो. मला काही वाटलं नाही. हात दुसऱ्या कुणाचा असावा तसं झालं होतं.

मोजायचं काम मुकादमांनीच घेतलं. त्यांना लांबचं दिसत नव्हतं, हाताला मात्र सगळं कळत होतं. आधी स्वतःच्या पाटीतल्या काढल्या. सात. मग कमळाकरची पाटी पुढे ओढली. एकेक चुंबळ उचलायची, बोटं फिरवायची, बाजूला ठेवायची. एक. दोन. तीन. तेव्हा कळलं की ते माणसं मोजत आहेत. सगळ्यांना एकदमच कळलं असावं, कारण कोणी हलेना. "आठ," म्हणून त्यांनी जी उचलली ती काकींच्या लुगड्याची होती. बोटं काठावरून गेली. परत एकदा गेली. मग ती बाकीच्यांच्या वर ठेवली आणि म्हणाले, "नऊ कुठाय, दे रे इकडं."

बारा आणि सात. माझं एक इकडचं तिकडे गेलं असतं तरी काही फरक पडला नसता. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलंय, त्याचा काही उपयोग होत नाही.

दुसऱ्या दिवशी बार्ज लागली तेव्हा मुकादम रांगेत येऊन उभे राहिले, आमच्यासारखे, डोक्याला फडकं गुंडाळून. कमळाकरला काय करावं सुचेना. "मुकादम, तुमी बसा," म्हणाला.

"मुकादम तू. माझी पाळी हाय का नाय सांग."

"हाय."

त्या दिवशी त्यांनी बारा पाट्या वाहिल्या. फळीवर मी त्यांच्या मागे होतो. वर आल्यावर पाणी पिताना ते मला म्हणाले, "परभणी, खरं दिलंस का भिऊन दिलंस?"

मी चुंबळ सारखी करून डोक्यावर ठेवली.

"राहू दे. भिऊन दिलं काय नि मनापासून दिलं काय, मोजायला एकच येतं. राजाच्या वेळी हे नव्हतं." आणि हसले. रागाने हसले असते तर बरं झालं असतं.

आठवडाभर आले. मग एका सकाळी नाही आले. काकींना घेऊन मुरूडकडे लेकीच्या गावी गेले, असं कळलं. घराला कुलूप होतं. मी थोडा वेळ पायरीवर बसलो आणि कामावर गेलो.

कमळाकर मुकादम म्हणून वाईट निघाला नाही. त्याने पाळीचा फळा लावला, खुणेवर एक माणूस बसवला. माझी पाळी एकदाही चुकली नाही. वाईट निघाला असता तर मला जरा आधार झाला असता. वर्षभराने क्रेन आली, टोळी मोडली आणि मी रोह्याला आलो. आता धाटावला एका कंपनीत शिफ्टवर आहे. इथेही कँटीनमध्ये निवडणुका आल्या की वाद होतात. राजा पाहिजे म्हणणारा एक तरी असतोच. मी ऐकतो. मत मात्र देतो, दर वेळी पहिल्या तासाला जाऊन.

गेल्या महिन्यात मुरूडकडचा एक ड्रायव्हर भेटला. म्हणाला, म्हातारा आहे अजून, पण आता काही दिसत नाही. ऑपरेशनला चल म्हटलं तर म्हणतो, बघायचं ते बघून झालं.

रोह्याला डोळ्यांचं शिबिर भरतं. मी नाव घालायचं विचारून आलोय. येत्या सुट्टीत मुरूडला जाणार आहे, ते नको म्हणाले तरी घेऊन येणार आहे, दवाखान्यात खाटेजवळ बसणार आहे. त्यांनी विचारलं होतं त्याचं उत्तर मला द्यायचं आहे. भिऊन दिलं, काका. पण हे डोळ्यांवर पट्टी असताना सांगणार नाही. पट्टी सुटू दे, त्यांना माझं तोंड नीट दिसू दे, मग सांगेन.