अण्णांचा सरळ बार

माझ्या थोरल्या साडूंइतका सरळ माणूस सोलापुरात दुसरा नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. स्वभावाचं म्हणत नाही. स्वभावाने ते पुरेसे वाकडे होते. मी बोलतोय ते त्यांच्या पाठीबद्दल. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. दिवसभर चादरींच्या दुकानात गठ्ठे उतरवायचे आणि संध्याकाळी व्यायामशाळेत जाऊन वजनं लावलेला लोखंडी बार उभ्याने खांद्यावरून डोक्यावर न्यायचे. या प्रकाराला प्रेस म्हणतात. अण्णांच्या मते जगात शिकण्यासारखी गोष्ट तेवढीच होती आणि ती कुणालाच येत नव्हती. बार खांद्यांच्या जरा बाहेर धरायचा, मनगट मागं मुडपायचं नाही, कोपरं बारच्या किंचित पुढं, पोट आणि कुल्ले आवळलेले, गुडघे ताठ. हनुवटी मागं घेऊन बार नाकाजवळून सरळ वर न्यायचा आणि कपाळ ओलांडलं की डोकं त्याच्याखाली आणायचं. "मागं वाकला, त्यो संपला," असं म्हणताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की वाकणाऱ्याने देवळातली घंटाच चोरली असावी.

ही शिकवण व्यायामशाळेपुरती राहिली असती तर बरं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, त्यांना ज्वारीचा डबा फळीवर ठेवायला सांगत होती. अण्णांनी पायांतलं अंतर नीट केलं, श्वास भरला, डबा छातीशी आणला आणि मला म्हणाले, "पावणं, कोपरं बघा." मी कोपरं बघितली. अक्काही बघत राहिली आणि तिची भाकरी करपली. "अवो, डबा ठेवायला सांगितला, आरती करायला न्हाय!" एकदा मंडईत वळसंगच्या एका बाईने भाजीची पाटी झोकात डोक्यावर घेतली, तर हे भर गर्दीत थांबून टक लावून बघत राहिले. बाई भडकली. "काय बघताय वो असं?" "मनगट," अण्णा भक्तिभावाने म्हणाले, "लई सरळ हाय तुमचं मनगट." त्या दिवशी आम्ही भाजी न घेताच परतलो.

स्पर्धेत मात्र अण्णा दरवर्षी हरायचे. बाकीचे गडी धनुष्यासारखे मागं वाकून जास्त वजन ढकलायचे, पंच काणाडोळा करायचे आणि अण्णा खांबासारखे उभे राहून कमी वजनावर थांबायचे. "वाका की थोडं," मी एकदा म्हणालो. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बातमी आली, की लोक वाकून वाकून उचलतात, निकाल देणंच अवघड होतं, म्हणून प्रेस हा प्रकारच स्पर्धांमधून काढून टाकलाय. अण्णांनी पेपरची नीट घडी केली. "वाकणारे वाकले, आन् शिक्षा मला," एवढंच म्हणाले.

पुढच्या स्पर्धेला ते नुसते बघायला गेले. सोबत मी होतो. बक्षिसं वाटून झाली, पंच चहाला गेले, लोक उठू लागले, तेव्हा अण्णा सदरा काढून बारकडे निघाले. आयुष्यात कधी उचललं नव्हतं इतकं वजन लावलं. पंच नव्हते, म्हणून मला बाजूला उभं केलं. "वजनाकडं बघू नका. कंबर बघा माजी. वाकली तर सांगा." बार खांद्यावर आला, नाकाजवळून चढला आणि कपाळापाशी अडकला. अण्णांच्या मानेच्या शिरा टरारल्या. मग टाळ्यांचा आवाज झाला. बार त्यांच्या डोक्यावर होता, दोन्ही हात सरळ.

घरी चालत येताना ते परीक्षेचा निकाल विचारावा तसं हळूच म्हणाले, "पावणं, वाकलो नव्हतो न्हवं?"

"काठीसारखे ताठ होता, अण्णा."

पुढं कितीतरी वर्षं ते भेटेल त्याला ही हकिकत सांगायचे. "इश्वास नसंल तर आमच्या साडूंना इचारा," म्हणायचे, आणि मी मान डोलवायचो. आता अण्णा नाहीत, म्हणून सांगतो. बार कपाळापाशी अडकला, तेव्हा भीतीने मी डोळे घट्ट मिटून घेतले होते.