काथ्यातल्या गोळ्या

सोफेवाले काका बोलायला लागले की नवख्या माणसाचा जीव टांगणीला लागतो, कारण त्यांच्या तोंडात कायम बारीक खिळे असतात. ओठांच्या कोपऱ्यातून एक खिळा काढायचा, लाकडावर टेकवायचा, हातोडीचा टोला घालायचा आणि उरलेल्या फटीतून माझ्याशी गप्पा मारायच्या. माझं औषधांचं दुकान आणि त्यांचं सोफे दुरुस्तीचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे, त्यामुळे त्यांचा दिवस मला न बघताही कळतो. स्प्रिंगा बसवताना ते शिव्या देतात, काथ्या भरताना गुणगुणतात आणि कापड चढवायच्या आधी एकदम गप्प होतात. तेव्हा ते डोळे मिटून बैठकीवरून तळहात फिरवत असतात. आत वाटाण्याएवढी गाठ राहिली तरी हात अडतो. गिऱ्हाइकाला कळणारही नाही, पण काका अख्खी बैठक उसवतात. हट्टी माणूस.

त्यांची नात सात वर्षांची. तिला सगळे भिंगरीच म्हणतात. बाप मोटारसायकलच्या अपघातात गेला तेव्हा ती रांगत होती. आई हॉटेलच्या लाँड्रीत कामाला. तिला पहाटे निघावं लागतं, म्हणून ती पोरीला सकाळी आजोबांच्या दुकानात सोडते. दूध तिथंच, शाळेची तयारी तिथंच, आणि शाळा सुटली की पुन्हा तिथंच. तिथंच म्हणजे सोफ्यांवर, सोफ्यांखाली, रस्त्यावर आणि माझ्या काउंटरवर. एकदा तिने माझा वजनकाटा उड्या मारून मोडला. मी ओरडले, तिने मनापासून माफी मागितली आणि मागता मागताच खोकल्याच्या औषधाची अख्खी रांग खाली आणली. दोनदा तर गाडीखाली येता येता वाचली.

शाळेने डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. तीन-चारदा बोलावलं, शाळेत विचारपूस केली आणि मग चित्त एका जागी राहावं म्हणून रोज सकाळी अर्धी गोळी सुचवली. झालं, घरात वादाला तोंड फुटलं. पोरीची आई, काकांची सून, म्हणाली, "एवढ्याशा जिवाला डोक्याच्या गोळ्या? शाळेला शांतता हवी म्हणून माझ्या पोरीने औषध खायचं?"

हा वाद मला नवा नाही, माझ्या काउंटरवर तो रोज चालतो. एक जण म्हणतो, आमच्या वेळी दोन धपाटे पुरायचे. दुसरी म्हणते, डोळ्यांना कमी दिसलं तर चष्मा देता ना, मग हे का नको? मला दोघांचाही राग येतो, कारण दोघंही पोराबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त बोलत असतात. आणि मी पडले विकणारी, मला कोण विचारतो?

म्हाताऱ्याच्या नकाराची मला खात्री होती. पण काका गोळीच्या बाजूने उभे राहिले. सुनेला म्हणाले, "मी बांधून बघितलंय, बाई. ते पुन्हा नको."

ते कशाबद्दल बोलत होते ते गल्लीतल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. त्यांचा मुलगाही असाच होता. शाळेने हात टेकले, तेव्हा काका त्याला दुकानातल्या बाकाला बांधून बसवायचे. सोफ्याच्या तळाला ठोकतात ती नवारीची पट्टी कमरेभोवती आवळायची आणि पुढ्यात पुस्तक. मी तेव्हा नवी नवरी. येणारे जाणारे बघून हसायचे, मीही हसले असेन. पोरगा आधी ओरडायचा, मग पट्टी ओढायचा, आणि शेवटी मान खाली घालून बसून राहायचा. मोठा झाल्यावर तो बापाशी कामापुरतंच बोलला. सिग्नलला थांबणं त्याला कधी जमलंच नाही, आणि त्यातच गेला.

सून रडली आणि हो म्हणाली. रोज सकाळी दुधाबरोबर काका पोरीच्या हातावर अर्धी गोळी ठेवायला लागले.

गोळीने गुण दिला, हे मी दुकानदार म्हणून सांगत नाही. भिंगरी बसायला लागली. डबा थोडा उरायला लागला, म्हणून डॉक्टरांनी वजनावर लक्ष ठेवायला सांगितलं. बाकी शाळेतून तक्रार नाही. एके दिवशी तिची आई मुद्दाम येऊन सांगून गेली, "काल तिने मला अख्खी गोष्ट वाचून दाखवली. एकदाही उठली नाही." सांगताना तिचे डोळे भरले होते.

आणि काका मात्र वाळायला लागले.

एका दुपारी ते माझ्या दारात आले. "ताई, बाकावर कोण बसलंय?"

"कोण बसणार? भिंगरी."

"मागून बघा."

मी बघितलं. खाली घातलेली मान, मानेवर केसांचा तोच भोवरा. पोरगी खिळे निवडत होती. क्षणभर मला तिचा बापच बसलेला दिसला, खोटं कशाला बोलू? त्या दिवसापासून काका बाकाकडे पाठ करून काम करायला लागले. गुणगुणणं बंद झालं. दुपारी डोळा लागला की झोपेत बोलायचे, "सोडतो रे. थांब, सोडतो." भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. मग पाच हातांवर बसलेल्या पोरीला ऐकू येतच असणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

"ही गोळी म्हणजे न दिसणारी पट्टी तर नाही ना हो?" त्यांनी मला विचारलं.

"काका, पट्टी तुमच्या सोयीची होती, गोळी तिच्या सोयीची आहे," मी ठणकावून सांगितलं. मनातून तितकी खात्री नव्हती.

पुढे काय बिनसलं कळेना. भिंगरी पुन्हा पहिल्यासारखी झाली. वर्गात बाकावर चढली, खिडकीतून बाहेर उतरायला निघाली. शाळेतून निरोप आला, डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. अर्धीची एक. काकांनी ती चिठ्ठी काउंटरवर ठेवली. "उद्यापासून द्यायचीय. देऊ ना?" मी गोळ्या मोजून पुढ्यात ठेवल्या.

त्याच दुपारी भिंतीपलीकडून हाक आली, "ताई, जरा इकडे या." आवाज मोकळा होता, तोंडात एकही खिळा नव्हता. एक बैठक उसवून पडली होती आणि काकांच्या तळहातावर, काथ्याच्या धाग्यांत गुंतलेल्या, थुंकीने विरघळून पुन्हा वाळलेल्या अर्ध्या अर्ध्या गोळ्या होत्या.

भिंगरी समोरच उभी होती, एका पायावर.

काका ओरडले नाहीत. "का गं?"

"मी गप्प बसले की तुम्ही झोपेत रडता," ती म्हणाली. "मी पळत असले की नुसते ओरडता. ओरडलेलं चालतं मला."

मी विचारलं, "गोळीने त्रास होतो का तुला?"

"नाही. गोळी घेतली की बाईंचं सगळं ऐकू येतं." मग खाली बघून म्हणाली, "पण आजोबा माझ्याकडे बघत नाहीत."

काका तिच्यासमोर जमिनीवर बसले. आणि त्या माणसाने सात वर्षांच्या पोरीला सगळं सांगितलं. पट्टी, बाक, ओरडणं, हसणारे लोक, काही म्हणजे काही राखलं नाही. ऐकताना तिचा दुसरा पायही जमिनीवर टेकला.

"बाबा माझ्यासारखे होते?"

"अगदी तुझ्यासारखा."

"मग त्यांना गोळी का नाही दिली?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. बुडणारा माणूस काठाकडे बघतो तसं. "तेव्हा नव्हती ना हो मिळत, ताई?"

तेव्हा दुकान सासरे बघायचे. लग्नानंतर त्यांनी मला एकेक कप्पा शिकवला. कुलपाच्या कप्प्यातली ही गोळी हातात देऊन म्हणाले होते, फार चंचल पोरांना देतात, पण आपल्याकडे कुणी मागायला येत नाही, नुसती पडून असते. आणि भिंतीपलीकडे तो पोरगा पट्टी ओढत होता.

"नव्हती," मी म्हणाले. "तेव्हा कुठे होती, काका?"

त्यांनी मान हलवली आणि नातीला पोटाशी धरलं.

डॉक्टरांना खरं सांगितल्यावर अर्धी गोळीच कायम राहिली. आता काका तिच्यासमोर बसून गोळी देतात आणि ती गिळेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघतात. दर महिन्याला नव्या गोळ्या न्यायला दोघं येतात. निघताना काका हमखास विचारतात, "तेव्हा नव्हतीच ना?" मी नव्हती म्हणते. भिंगरी काउंटरवर हनुवटी टेकवून उभी असते आणि माझ्याकडे बघत असते. गोळी चांगली लागू पडली आहे. एका जागी नजर रोखून ठेवणं तिला आता सहज जमतं.