सहाशे चाळीस रुपयांचा क्लच

विकलेला माल परत घेणारा दुकानदार या पृथ्वीतलावर अजून जन्माला यायचा आहे; पण विकत घेतलेला माल परत देणारा एक पुरुष मात्र बोनकोडे गावात आधीच जन्माला आलेला आहे आणि त्याच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मी नऊ वर्षं भाड्याने राहिलो आहे. आमच्या या घरमालकांनी आयुष्यात जेवढ्या वस्तू घरी आणल्या, त्यातल्या निम्म्या तरी घर पाहून परत गेल्या असतील. वाजवल्यावर पाणी कमी वाटलेला नारळ, एका बाजूला लहान निघालेली चादर, डबीत दोन काड्या कमी भरलेली काडेपेटी, सगळं काही. एकदा सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनी घाईत चौथा अध्याय गाळला. घरमालकांनी तीर्थप्रसाद होईपर्यंत शब्द काढला नाही आणि मग दक्षिणेतला एक पंचमांश हात जोडून परत मागितला. गुरुजी बिचारे पुन्हा पाटावर बसले आणि तो अध्याय म्हणून, घाम पुसत गेले.

खरेदीला निघताना ते खिशात भिंग आणि बॅटरी ठेवत, आणि डाव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं असे. खोक्यावर किमतीचा कागद चिकटवलेला दिसला की त्या नखाने तो अलगद उचलायचा आणि खाली जुनी किंमत छापली आहे का पाहायचं, हा त्यांचा नित्यनेम होता. माल परत करताना दुकानदार 'खोकं कुठंय?' विचारतो, म्हणून त्यांनी एकही खोकं कधी फेकलं नाही. इमारतीतली तळमजल्याची एक खोली रिकाम्या खोक्यांनी छतापर्यंत भरलेली होती. तिचं महिन्याला आठ हजार भाडं सहज आलं असतं, असं मी एकदा म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "मास्तर, भारा काय, कोनी पन देईल. खोका कोन देनार?" मी मास्तर नाही. विमा कंपनीत नोकरी करतो. पण माझ्या घरात पुस्तकं आहेत एवढ्या पुराव्यावर त्यांनी मला ती पदवी दिली होती, आणि तिच्यासोबत त्यांची सगळी पत्रं लिहिण्याचं कामही.

त्यांना कंजूष म्हणणाऱ्यांनी त्यांची दुसरी बाजू पाहिलेली नव्हती. हिशेबात दुकानदार चुकून अकरा रुपये कमी घेऊन बसला, तर भर दुपारी उन्हातून परत जाऊन ते अकरा रुपये देत, आणि बिल दुरुस्त करून घेतल्याखेरीज हलत नसत. त्यामुळे जास्त पैसे घेणारे दुकानदार त्यांना भीत आणि कमी घेणारे त्याहून अधिक भीत. माझ्या विजेच्या मीटरच्या आकड्यात पाच युनिटांची चूक झाली होती म्हणून एकदा त्यांनी सकाळी सहाला दार वाजवून मला चाळीस रुपये परत केले होते. मी टॉवेलवर सही केली. म्हणजे टॉवेल नेसून.

गावातल्या एका पुढाऱ्याने त्यांचा 'जागृत ग्राहक' म्हणून सत्कार ठरवला तेव्हा रस्ताभर फलक लागले. फलकावर पुढारी बारा फुटी आणि आमचे घरमालक तिकिटाएवढे. व्यासपीठावर पाऊण तास पुढाऱ्यांनी ग्राहकाच्या हक्कांवर भाषण केलं. त्यात ग्राहक हा शब्द दोनदा आला आणि विकास हा शब्द मी मोजायचा सोडून दिला. मग शाल पांघरली गेली. घरमालकांनी तिथेच शालीचा कोपरा उलटा करून चिठ्ठी पाहिली, नख लावलं, आणि माइकसमोर म्हणाले, "साहेब, तुमाला फसवलान." टाळ्या थांबल्या त्या पुन्हा काही सुरू झाल्या नाहीत.

त्यांच्या बापाची भातशेती नवं शहर वसवायला सरकारने घेतली त्या भावात आज पार्किंगची जागाही येत नाही. तेव्हा माझ्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला एक सिद्धान्त सुचणारच, की हा माणूस आयुष्यभर त्या एका चुकलेल्या भावाची दुरुस्ती मागत फिरतो आहे. मी एकदा चहा पिता पिता तो मोठ्या गांभीर्याने मांडला. त्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "बापानं मोजून घेतलं, आंगठा दिला. आंगठा दिल्यावर कसला परत? तुमी पुस्तकं जरा कमी वाचा."

हे सगळं मी हसत हसत सांगतो आहे, पण क्लचचं प्रकरण झाल्यापासून मला तितकंसं हसू येत नाही.

घरमालकांची एक जुनी जीपगाडी होती. तीस वर्षांपूर्वी घेतलेली, आणि परत करायचं कारण न सापडलेली बहुधा एकमेव वस्तू. तिचा क्लच गेला, नेमका त्याच आठवड्यात उरणच्या पुढल्या एका गावातून काकूंच्या भाच्याचा फोन आला. काकू म्हणजे घरमालकीणबाई. फोन त्यांच्या मोठ्या बहिणीबद्दल होता. तिला त्या 'बाय' म्हणतात. आई वारल्यावर बायनेच त्यांना वाढवलं होतं. भाचा म्हणाला, "मावशे, येऊन जा. आई आता उठत नाय. तुजं नाव काढते."

मिस्त्री आला, त्याने गाडी आवारात विटांवर चढवली, गिअरबॉक्स उतरवला आणि सांगितलं की क्लचचा संच आणून द्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. घरमालक त्याच दुपारी तुर्भ्याला जाऊन संच घेऊन आले. ओट्यावर बसले. भिंग काढलं. खोक्यावर चिकटवलेली किंमत होती तीन हजार चारशे नव्वद. नख लागलं. खाली छापलेली किंमत निघाली दोन हजार आठशे पन्नास.

"सहाशे चालीस," घरमालक म्हणाले. आवाजात संताप नव्हता, शिकाऱ्याला वाघाचं पाऊल दिसावं तसा एक शांत आनंद होता.

काकू म्हणाल्या, "ते मागनं बगा. आदी लावून टाका."

"एकदा लावला का परत कोन घेल? तेल लागला का माल जुना झाला."

म्हणजे क्लच खोक्यात राहणार, गाडी विटांवर राहणार आणि काकू बोनकोड्यात राहणार. मी मोबाइल काढून म्हटलं, "काकू, मी आत्ता टॅक्सी बोलावतो, तासाभरात पोचाल." त्यांनी मलाच वेड्यात काढलं. "दारान गारी हाय न मी भाऱ्याच्या गारीनं म्हायेरी जाऊ? गावच्या बाया इचारतील, नवरा हाय का गेला?" तीस वर्षं त्या माहेरी गेल्या त्या याच गाडीतून, पुढच्या सीटवर बसून, हे त्या गावाला पाठ होतं. त्या गोष्टीपुढे टॅक्सीचं काही चालेना. दोन माणसं आपापल्या जागी इतकी बरोबर असली की तिसऱ्याने काही करण्यासारखं उरत नाही, हे मला तेव्हा कळलं.

तुर्भ्याचे दुकानदार मूळचे म्हसळ्याकडचे, पांढऱ्या दाढीचे, अत्यंत सभ्य गृहस्थ. भांडायला दुष्ट माणूस मिळाला असता तर प्रकरण आठ दिवसांत मिटलं असतं. यांनी घरमालकांना आणि त्यांनी बरोबर ओढून नेलेल्या मला खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि म्हणाले, "काका, तुमचं शंभर टक्के बरोबर हाय. पण चिठ्ठ्या आमी लावत नाय, वरनं लागून येतात. कम्प्युटरमदी भाव हाच फीड हाय. मी बदलला तर माझा हिशेब वरती जुळत नाय." मग त्यांनी फरकाच्या रकमेची क्रेडिट नोट देऊ केली, म्हणजे पुढच्या खरेदीत तेवढी सूट. घरमालक म्हणाले, "म्हंजे तुमच्या चुकीसाठी मी अजून एक क्लच घेवाचा?"

तिसऱ्या खेपेला दुकानदारांनी स्वतःच्या सदऱ्याच्या खिशातून सहाशे चाळीस रुपये काढून काउंटरवर ठेवले. मला वाटलं, सुटलो. घरमालकांनी नोटा बोटाने मागे सारल्या. "हे तुमचं हायेत. चूक तुमची नाय. मना पैसं नको, बिलावरचा भाव बरोबर करून द्या."

"काका, ते माझ्या हातात नाय हो."

"मंग ज्याच्या हातान हाय त्याला पत्र लिवतो. मास्तर, लिवा."

मी लिहिलं. 'सविनय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत पाच पत्रं लिहिली आणि एकाचंही उत्तर आलं नाही. आम्ही सात वेळा तुर्भ्याला गेलो. सहाव्या खेपेला मी रिक्षाभाड्याची बेरीज करून त्यांना दाखवली. ती सहाशे चाळीसच्या केव्हाच पुढे गेली होती. ते म्हणाले, "रिक्षावाल्यानं मीटरपरमानं घेतलं. त्यान चूक काय?"

इकडे काकूंनी बायसाठी एक पिशवी भरून ठेवली होती: नवं लुगडं, सुका जवळा, घरचे पापड. दर रविवारी त्या पिशवी उघडून जवळा उन्हात घालत आणि संध्याकाळी परत भरत. भाच्याचे फोन पहिल्या आठवड्यात रोज येत होते, मग एक दिवसाआड, मग येईनासे झाले. काकू नवऱ्याशी भांडल्या नाहीत. फक्त जाता-येता विटांवरच्या गाडीची काच पदराने पुसत. ते पाहून मी एकदा घरमालकांना म्हटलं, "अहो, माणूस महत्त्वाचं की भाव?" ते म्हणाले, "आज सोरला तर तीस वर्सं जो भांडलो, तो कोन होता?" मी पुढचं पत्र लिहायला घेतलं. ते मोठं तत्त्वज्ञान होतं म्हणून नव्हे. ते म्हणताना ते काच पुसणाऱ्या काकूंकडे पाहत होते म्हणून.

पाचव्या आठवड्यात दुकानदार हरले. "काका, फरक देता येत नाय. पण पूर्ण माल परत घेता येतो. खोका आनलाय ना? द्या." त्यांनी खोकं तपासलं, पावती फाडली आणि तीन हजार चारशे नव्वद रुपये मोजून दिले. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीच्या बरोबर खाली. परतीच्या रिक्षात घरमालक लग्नाच्या वरातीत बसल्यासारखे बसले होते. घरी येऊन त्यांनी नोटा काकूंच्या हातात ठेवल्या.

काकूंनी नोटांकडे पाहिलं. "आनि क्लच?"

खरं सांगतो, तोवर हा प्रश्न आम्हा दोघांपैकी कोणालाही पडला नव्हता. पाच आठवडे आम्ही माल परत करण्यात इतके गुंतलो होतो की माल लागतो कशाला हेच विसरलो होतो.

पुढचे तीन दिवस आम्ही पनवेलपर्यंतची दुकानं पालथी घातली. त्या गाडीचे भाग बनणं बंद झालं होतं. जिथे तिथे मान हलायची. चौथ्या दिवशी घरमालक मला काही न सांगता रिक्षात बसले, मी धावत जाऊन शेजारी बसलो. तुर्भ्याच्या दुकानात आमचंच खोकं फळीवर होतं, उचकटलेल्या चिठ्ठीसकट. घरमालकांनी तीन हजार चारशे नव्वद रुपये काउंटरवर ठेवले आणि खोकं काखेत घेतलं.

दुकानदार उभेच राहिले. "काका, सहाशे चाळीस परत घ्या. माझ्याकडनं. एवढं तरी ऐका."

"नको."

"बिल तरी?"

"नको म्हनलो ना," असं म्हणून ते पायऱ्या उतरले. दुकानदार बिल घेऊन रिक्षापर्यंत धावत आले आणि ते माझ्या हातात कोंबून, मान खाली घालून परत गेले. इतक्या भांडणांत मी त्या दोघांना असं एकमेकांची नजर चुकवताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडी विटांवरून उतरली आणि आम्ही निघालो. काकू पुढे, मी मागे पिशवीजवळ. बाय ओटीवर खाटेवर होती. काकू जाऊन तिच्या उशाशी बसल्या, तिचा हात हातात घेतला. बायने त्यांच्याकडे खूप वेळ पाहिलं आणि सौजन्याने, पाहुणीला विचारावं तसं विचारलं, "तू कोनची गो?"

भाचा खाली मान घालून म्हणाला, "मागच्या महिन्यापरेंत वलखत होती, मावशे. रोज इचारायची, आली का म्हनून."

घरमालक अंगणातून आत आलेच नाहीत. संध्याकाळी आम्ही परत निघालो. खाडीवरचा पूल आला तेव्हा घरमालक समोर पाहत म्हणाले, "पाच हप्ते." काकूंनी ऐकलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "गिअर चांगला बसतोय आता." एवढंच.

नंतर मी खारघरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. मागच्या रविवारी आमच्या सोसायटीने मला, एकही गाडी नसताना, दोन पार्किंगचं बिल लावलं. इतकी निखळ, देखणी चूक पाहून मला प्रथम त्यांचीच आठवण झाली. उत्साहाने फोन केला आणि सगळं सविस्तर सांगितलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. ते बायच्या अंगणात होते. आता दर रविवारी जातात, म्हणाले. बाय दर खेपेला विचारते, तू कोनची, आणि काकू दर खेपेला पहिल्यापासून सांगतात: आई कशी गेली, खाडीच्या चिखलात दोघी कशा निवट्या मासे पकडायच्या, कोणाचं लग्न आधी झालं.

"ते ऱ्हाऊ दे," मी म्हटलं, "या बिलाचं काय करू? अर्ज लिहू का?"

"मास्तर, मंग फोन करा," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आतन दोगी बोलतान. तुमच्या आवाजान मना आयकू येत नाय."

मी फोन ठेवला आणि दोन्ही पार्किंगचे पैसे मुकाट्याने भरून टाकले.